'फक्त' तीन ओढतो, 'फक्त' शनिवारी पितो : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की सिगारेट, दारू आणि हृदय यावर जे विचारायचं ते विचारा, लाजू नका, नाव छापणार नाही. पत्रं भरपूर आली, सगळी वाचली. वाचता वाचता एक गंमत लक्षात आली, जवळपास प्रत्येक पत्रात 'फक्त' आहे. फक्त तीन ओढतो, फक्त बियर घेतो, फक्त वीकेंडला. म्हणजे विचारलेलं असतं "चालेल का" आणि माझ्या तोंडून ऐकायचं असतं "हो, तेवढं चालतं". काही ठिकाणी मी थोडी घासाघीस करू देणार आहे पण सगळीकडे नाही, कारण सिगारेटचा हिशोब वेगळा आणि दारूचा वेगळा, लोक दोन्ही एकाच वहीत मांडतात आणि तिथेच गडबड होते.

प्रश्न : वय ३६. दिवसाला २० सिगारेटी ओढायचो, दीड वर्षात ३ वर आणल्या. प्रचंड त्रास झाला तरी घरचे खूश नाहीत. २० वरून ३ म्हणजे धोका ८५ टक्के कमी झाला ना? तसं लिहून द्या, बायकोला दाखवतो.

उत्तर : नाही देत लिहून, कारण तसं झालेलं नाही. २० वरून ३ वर येणं किती कठीण आहे ते मला माहितीये, मी स्वतः ११ वर्षं ओढलीये आणि "कमी करतो, कमी करतो" करत ४ वेळा तोंडावर आपटलोय, त्यामुळे तुमची मेहनत मी हसण्यावारी नेत नाहीये. पण हृदय तुमच्यासारखा भागाकार करत नाही.

२०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४१ अभ्यासांची एकत्र आकडेमोड छापून आली होती. त्यात निघालं असं की दिवसाला २० ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका असतो, त्यातला साधारण ४० ते ५० टक्के धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. एक! विसावा भाग ओढून निम्म्याच्या आसपास धोका. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये जितका धूर आणि जितकी वर्षं तितका धोका असं बऱ्यापैकी सरळ चालतं, त्यामुळे तिथे तुमचा फायदा नक्की झालाय. हृदयाचं गणित सुरुवातीलाच उंच उडी मारतं आणि मग हळूहळू वर चढतं. नळ सोडल्यासारखं कमी-जास्त होत नाही, दिव्याच्या बटणासारखं काम आहे.

असं का, तर रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं, इतकं पातळ. हे अस्तर नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू तयार करत असतं, त्याने नळी सैल राहते आणि रक्तातल्या प्लेटलेट्स (गुठळी बनवणारे बारीक कण) तिला चिकटत नाहीत. धूर आत गेला की हे काम बिघडतं, प्लेटलेट्स चिकट होतात, गुठळी व्हायला रक्त तयारच बसतं, आणि एवढं व्हायला फार धूर लागतच नाही, थोड्यानेच होतं. वर निकोटीनमुळे अॅड्रिनलीन सुटतं, ठोके वाढतात, बीपी वाढतं म्हणजे हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमका त्याच वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटून बसलेला असतो. थोडक्यात काम वाढवलं आणि डबा काढून घेतला.

अजून एक, कमी करणारे लोक उरलेल्या सिगारेटी जास्त खोल ओढतात, शेवटच्या टोकापर्यंत ओढतात, धूर जास्त वेळ आत धरतात. मुद्दाम नाही करत, शरीर आपलं निकोटीन वसूल करून घेतं. 'लाईट' सिगारेटी पण ह्याच कारणाने फसव्या आहेत.

तेव्हा ३ हा मुक्काम समजू नका, तो जिन्याचा मधला टप्पा आहे, तिथे चटई टाकून झोपायचं नाही. एक तारीख ठरवा आणि ती बायकोला दाखवा, माझं सर्टिफिकेट नको.

प्रश्न : मी २९ वर्षांचा, रोज जिम करतो, दिवसाला ७-८ ओढतो. ईसीजी नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट पण नॉर्मल. म्हणजे माझ्या बॉडीला सूट होतंय असं समजू का?

उत्तर : मित्रा, सूट कुणालाच होत नाही. ईसीजी म्हणजे त्या काही सेकंदांचा फोटो आहे, पुढच्या महिन्याचं भविष्य नाही. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह यायला नळी बऱ्यापैकी अरुंद झालेली असावी लागते, आणि पुष्कळ हार्ट अटॅक अशा जागी येतात जिथे नळी निम्मीसुद्धा बंद नव्हती. आत चरबीचा छोटासा थर असतो, त्याच्यावरचं पातळ आवरण एक दिवस फाटतं, तिथे गुठळी जमते आणि अर्ध्या तासापूर्वी मोकळी असलेली नळी पूर्ण बंद. आवरण फाटलं की गुठळी किती मोठी होणार हे रक्त किती चिकट आहे यावर बरंच ठरतं, आणि रक्त चिकट करायचं काम तू दिवसातून ७-८ वेळा करतोयस.

तरुणांमध्ये तर हा फरक आणखी उठून दिसतो. पन्नाशीच्या आतल्या लोकांचा इंग्लंडमध्ये अभ्यास झाला होता, त्यात ओढणाऱ्यांमध्ये मोठ्या हार्ट अटॅकचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या ८ पटीहून जास्त निघालं. कारण साधं आहे, ह्या वयात डायबेटीस, बीपी, म्हातारपण ही बाकीची कारणं अजून आलेलीच नसतात, त्यामुळे जो अटॅक येतो त्यात सिगारेटचा हात सापडतोच. जिम चांगलीच गोष्ट आहे, चालू ठेव, पण जिममुळे सिगारेट माफ होत नाही. आणि जिममध्ये छातीत जड वाटलं, जबडा किंवा डावा हात दुखला, घाम फुटला तर "मसल पुल असेल, गॅस असेल" म्हणून घरी जाऊन झोपू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. स्वतः बाईक चालवत जाऊ नकोस हे पण सांगून ठेवतो, लोक जातात.

प्रश्न : वय ६१, आयुष्यभर निर्व्यसनी. रोज एक ग्लास रेड वाईन हृदयाला चांगली असं मित्रांच्या ग्रुपवर सारखं येतं. आता सुरू करावी का? कोणती घ्यावी?

उत्तर : काका, ६१ वर्षं सांभाळलेलं एका फॉरवर्डवर घालवू नका. पण ही गोष्ट लोकांनी हवेतून काढलेली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९९१ च्या सुमारास 'फ्रेंच पॅराडॉक्स' हा शब्द गाजला. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात तरी त्यांना हृदयविकार कमी, मग हे वाईनमुळे असेल असा तर्क सर्ज रेनो नावाच्या फ्रेंच संशोधकाने अमेरिकेतल्या टीव्हीवर मांडला आणि तिथे रेड वाईनची विक्री एकदम उसळली. त्यानंतर बरेच अभ्यास आले ज्यात थोडी पिणाऱ्यांना हृदयविकार अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसायचा. आकडे खरे होते. पण अर्थ लावताना एक खोच राहून गेली. 'न पिणारे' म्हणून ज्यांना मोजलं त्यात असे पण लोक होते ज्यांनी तब्येत बिघडली म्हणून दारू सोडली होती, म्हणजे आजारी माणसं न पिणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसलेली. आणि जे रोज मोजून एकच ग्लास घेतात ते लोक बहुतेक वेळा पैशाने बरे, व्यायाम करणारे, वेळेवर चेकअप करणारे. मग हृदय चांगलं ते वाईनमुळे की त्या सगळ्यामुळे?

हे सोडवायला संशोधकांनी जीन्सचा आधार घेतला. पूर्व आशियात बऱ्याच लोकांमध्ये असा जीन असतो की दारू घेतली की तोंड लाल होतं, मळमळतं, म्हणून ती माणसं जन्मतःच कमी पितात, श्रीमंत असोत की गरीब. चीनमध्ये ५ लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासात हे तपासलं, २०१९ मध्ये निकाल आला, आणि थोडी दारू स्ट्रोकपासून, म्हणजे मेंदूच्या झटक्यापासून, वाचवते ही कल्पना त्यात टिकली नाही, जितकी दारू तितकं बीपी आणि तितका स्ट्रोक. २०२२ मध्ये वर्ल्ड हार्ट फेडरेशनने स्पष्टच म्हटलं की हृदयासाठी सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. अगदी थोड्या प्रमाणाबद्दल तज्ज्ञांचा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही हे पण खरंय, पण जे पीत नाहीत त्यांनी हृदयासाठी सुरू करा असं त्या वादातली कुठलीच जबाबदार बाजू सांगत नाही. आणि ते रेस्वेराट्रॉल, द्राक्षाच्या सालीतलं, ज्याचं एवढं कौतुक चालतं, ते वाईनच्या ग्लासात इतकं किरकोळ असतं की त्याच्या नावावर दारू पिणं म्हणजे निव्वळ बहाणा. द्राक्षंच खा की.

"कोणती घ्यावी"चं उत्तर त्यामुळे राहिलंच नाही.

प्रश्न : मी दारू पीत नाही, फक्त बियर, ती पण फक्त शनिवारी, स्ट्राँगच्या २-३ बाटल्या. गेले दोन महिने रविवारी पहाटे छातीत फडफड होते, ठोके कसेही पडतात, दुपारपर्यंत बरं वाटतं. पित्त असेल का? वय ४४.

उत्तर : पित्त असायची शक्यता कमी वाटते मला, आणि ह्या पत्राची मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त काळजी वाटली म्हणून आधी काम सांगतो : पुढच्या वेळी फडफड चालू असतानाच जवळच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन ईसीजी काढा. थांबल्यावर काढला तर नॉर्मल येईल आणि तुम्ही "बघा, काही नव्हतं" म्हणत घरी याल. पुढच्या वेळेची वाट बघत बसा असं मात्र नाही, ह्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, ते ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं, २४ तासांचं किंवा त्याहून जास्त दिवसांचं होल्टर मशीन लावतील. चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागला तर लगेच इमर्जन्सी.

आता हिशोब. दारूत मोजायचं असतं ते अल्कोहोल किती ग्रॅम. काढायची रीत सोपी, किती मिली गुणिले टक्के गुणिले ०.७९. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा लहान पेग म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम. म्हणजे एका बाटलीत चारच्या वर लहान पेग, आणि तुम्ही तीन पिता तेव्हा तेरा झाले. एका बैठकीत १३ पेग मारणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? बियर म्हणजे दारू नाही हा आपल्या लोकांचा लाडका गैरसमज आहे, यकृताला आणि हृदयाला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही.

तुम्ही जे वर्णन केलंय त्याला डॉक्टरी भाषेत चक्क 'हॉलिडे हार्ट' असं नाव आहे, १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दिलेलं, कारण सुट्टीत आणि वीकेंडला झोडपून पिऊन आलेले, एरवी धडधाकट असलेले लोक ठोके बिघडून भरती होत होते. ह्यात बहुतेक वेळा निघतं ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसायच्या ऐवजी नुसते थरथरतात. ते पुष्कळदा स्वतःहून थांबतं, पण खरी भीती वेगळी आहे, थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, साचलं की गुठळी, आणि ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. हा आजार असणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका साधारण ५ पट असतो.

चांगली बातमी म्हणजे इथे सोडल्याचा फायदा मोजून दाखवता येतो. ऑस्ट्रेलियात १४० पेशंटवर प्रयोग झाला, सगळे नियमित पिणारे आणि सगळ्यांना हाच ठोक्यांचा आजार. अर्ध्यांना दारू सोडायला सांगितली, अर्ध्यांना नेहमीप्रमाणे चालू द्या म्हटलं. ६ महिन्यांत चालू ठेवणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांना त्रास परत झाला, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्के. सोडणारे पण सगळे काही पूर्ण बंद नव्हते, चोरून थोडी घेत होतेच, तरी एवढा फरक. तपासणी होईपर्यंत तुमचे शनिवार कोरडे जाऊ द्यात. नंतर काय ते रिपोर्ट बघून बोलू.

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे, २० वर्षं रोज पितात, हल्ली संध्याकाळची वाट पण बघत नाहीत. पाय सुजतात, सपाट झोपलं की दम लागतो. इकोमध्ये पंपिंग ३० टक्के आलं. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही म्हणून ते म्हणतात "बघ, माझ्या नळ्या क्लीन आहेत, दारूनेच". आम्ही घरातल्या सगळ्या बाटल्या आजच फेकायच्या म्हणतोय. बरोबर ना?

उत्तर : ताई, फेकायच्या आहेतच, पण आज घरच्या घरी नको. आधी डॉक्टरांशी बोला आणि मगच. का ते खाली सांगतो, हे वाचल्याशिवाय काही करू नका.

वडिलांच्या नळ्या क्लीन आहेत हे खरं असेल पण बिघाड नळीत नाहीये, स्नायूत आहे. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर ढकलतं, त्यांचं ३० वर आलंय. वर्षानुवर्षं रोज खूप दारू घेतली, अभ्यासात साधारणपणे रोजचे ८० ग्रॅमच्या वर आणि ५ वर्षांहून जास्त असा आकडा येतो, की अल्कोहोल आणि त्यापासून शरीरात बनणारं अॅसिटाल्डिहाईड हृदयाच्या स्नायूच्या पेशींना थेट मारतं, स्नायू पातळ आणि ढिला होतो, हृदय फुग्यासारखं मोठं होतं. मग पाणी मागे साचतं, पाय सुजतात, सपाट झोपवत नाही. ब्लॉकेज नसताना एवढं पंपिंग कमी आणि हा इतिहास, म्हणजे डॉक्टरांच्या मनात दारूच पहिली येणार, बाकी कारणं तेही तपासतीलच.

ह्या एका ठिकाणी "थोडी कमी करा" हे मी म्हणणार नाही, पूर्ण बंद. आणि बंद करून गोळ्या नीट घेतल्या तर बऱ्याच जणांचं पंपिंग पुष्कळ सुधारतं, काहींचं जवळपास नॉर्मलला येतं. हार्ट फेल्युअरच्या फार थोड्या कारणांबद्दल असं म्हणता येतं, म्हणून वडिलांना घाबरवण्यापेक्षा हे सांगा.

आता सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली की ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, धडधड, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो, नसलेलं दिसायला लागतं. ह्यात जीव जाऊ शकतो, धडधाकट माणसाचा पण, आणि इथे तर ३० टक्के पंपिंग. म्हणून दारू सोडवायची ती भरती करून किंवा रोजच्या देखरेखीखाली, गोळ्या देऊन, थायमिन म्हणजे बी-१ व्हिटॅमिन देऊन. हृदयाचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. आणि वडील रोज नक्की किती पितात तो आकडा डॉक्टरांना खरा सांगा, घरचे लोक अब्रूपायी निम्मा सांगतात आणि औषधाचा डोस चुकतो.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी अटॅक आला, स्टेंट बसवला. आता नळी मोकळी आहे म्हणजे कधीतरी एखादी ओढली, एखादा पेग घेतला तर चालेल ना?

उत्तर : स्टेंट दोन-तीन सेंटीमीटरचा असतो, बाकीच्या नळ्या तुमच्याच आहेत आणि अटॅक आणणारं रक्तही तेच. सिगारेट नाही, एकही नाही. अटॅकनंतर जे सोडतात त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण न सोडणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असतं, हा फायदा कुठल्याही महागड्या गोळीच्या तोडीचा आहे आणि फुकट आहे. पेगबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा पण लपवून घेऊ नका, कारण जिभेखाली ठेवायची गोळी आणि दारू एकत्र झाली तर बीपी धाडकन खाली येतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर दारू म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती.

प्रश्न : मी ३७ वर्षांची, दिवसाला १५ च्या आसपास ओढते. डॉक्टरकडे गेले की आधी "बाई असून" हे लेक्चर ऐकावं लागतं म्हणून हल्ली सांगतच नाही. पाळी नियमित राहावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. एवढंच विचारायचंय की हृदयाच्या दृष्टीने बायकांचं काही वेगळं आहे का?

उत्तर : लेक्चर देणाऱ्यांच्या वतीने सॉरी. त्यांच्यामुळेच तुम्ही एक गोष्ट डॉक्टरांपासून लपवून बसलात जी लपवणं धोक्याचं आहे.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, वय ३५ च्या वर आणि दिवसाला १५ सिगारेटी हे तिन्ही एकत्र असेल तर त्या गोळ्या द्यायच्याच नाहीत असा जगभरचा नियम आहे, कारण अटॅक, स्ट्रोक आणि गुठळीचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, ही कारणं एकमेकांना जोर देतात. ह्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत, गोळ्या स्वतःच्या मनाने मध्येच न सोडता त्यांना विचारून बदला. बाकी, बायकांचं वेगळं आहे का तर हो, तेवढ्याच सिगारेटींवर बायकांना हृदयविकाराचा जास्तीचा धोका पुरुषांपेक्षा साधारण २५ टक्के अधिक दिसतो, आणि ओढणाऱ्यांची पाळी एक-दोन वर्षं आधी जाते. बायकांना अटॅकमध्ये छातीत दुखण्याबरोबर मळमळ, पाठदुखी, विचित्र थकवा असंही होतं, आणि ते "दगदग झाली असेल" मध्ये खपून जातं.

प्रश्न : नवरा घरात नाही ओढत, बाल्कनीत ओढतो. तरी मला आणि मुलांना त्रास होऊ शकतो का?

उत्तर : घरात ओढण्यापेक्षा बरं, पण धूर दार लोटलेलं बघून परत जात नाही. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या न ओढणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्के जास्त असतो, मघाशी सांगितलं तेच, थोड्या धुराने पण रक्त चिकट होतं. भांडून उपयोग होत नाही हे माझ्या बायकोला विचारा. वर पहिल्या उत्तरात तारखेचं म्हटलंय, तेवढं कापून फ्रीजवर लावा.

प्रश्न : सोडून १९ दिवस झाले. चिडचिड, झोप नाही, हात थरथरतात, वजन अडीच किलो वाढलं. ह्यापेक्षा ओढत होतो तेव्हा तब्येत बरी होती. हृदयावर ह्या टेन्शनचाच परिणाम व्हायचा.

उत्तर : १९! सगळ्यात वाईट टप्पा मागे पडलाय हो, तो पहिल्या दोन-तीन दिवसांचा असतो, आणि बाकीचं बहुतेक ३-४ आठवड्यांत ओसरतं. थरथर आणि झोपेसाठी एक सांगतो जे सहसा कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिनचा निचरा फार लवकर करतं. सिगारेट सुटली की तो वेग कमी होतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीत रक्तातलं कॅफिन दुपटीच्या घरात जाऊ शकतं. लोकांना वाटतं निकोटीन नसल्याने थरथरतंय, निम्मी थरथर कॉफीची असते. कप निम्मे करा आणि चार दिवस बघा.

वजन वर्षभरात सरासरी ४-५ किलो वाढतं, तरी हृदयाचा हिशोब सोडणाऱ्याच्याच बाजूने राहतो. तलफ ३ ते ५ मिनिटांची लाट असते, त्या वेळात जागा बदला. तेवढ्याने भागत नसेल तर मर्दानगी दाखवू नका, निकोटीनचा पॅच किंवा च्युइंगम घ्या, सकाळी उठून अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणारे होतात तर च्युइंगम ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. च्युइंगम सारखं चावत बसायचं नाही, चावून झिणझिणी आली की गालात धरून ठेवायचं, आणि कॉफीबरोबर तर नाहीच. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ह्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात आणि काम करतात. मी पाचव्या वेळी सुटलो तो पॅच लावूनच, आधीच्या चारही वेळा "इच्छाशक्ती" होती.

टेन्शनचं म्हणाल तर सिगारेट जे टेन्शन घालवते ते बरंचसं आधीच्या सिगारेटचा असर उतरल्याचं असतं.

प्रश्न : (बऱ्याच जणांचा एकच) हुक्का, व्हेप, तंबाखू खाणं, ह्यात धूर नाही किंवा कमी आहे, मग हृदयाला चालतं का?

उत्तर : हुक्क्यात पाण्याने धूर थंड होतो, गाळला जात नाही, आणि कोळशामुळे कार्बन मोनॉक्साईड उलट भरपूर. व्हेपमध्ये कार्बन मोनॉक्साईड नसतो पण निकोटीन असतं, ठोके-बीपी त्यानेही वाढतात. खायच्या तंबाखूचं म्हणाल तर ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात नुसती तंबाखू खाणाऱ्यांमध्येही अटॅकचं प्रमाण दुपटीच्या वर होतं. पुढचा प्रश्न.

प्रश्न : एरवी अजिबात ओढत नाही, फक्त पितानाच ओढतो. मग तलफ कसली म्हणायची?

उत्तर : हे जोडपंच आहे. दारूने आवर सुटतो, निकोटीनने दारूची सुस्ती उतरते म्हणून अजून एक पेग जातो, पेग गेला की अजून एक पेटते. दारू आधीच बीपी चढवत असते, त्यात सिगारेट नळ्या आवळते. दोन्ही एकदम सोडायला घाबरत असाल तर दारूत घासाघीस चालते असं मी सुरुवातीला म्हटलं ते इथे वापरा : दिवसाला ६ किंवा जास्त पेग घेणाऱ्यांनी प्रमाण निम्मं केलं तरी वरचं बीपी सरासरी साडेपाचने उतरतं, हे तपासलेलं आहे. पेग आधी निम्मे करा, पहिले दोन महिने जिथे सगळे ओढतात त्या टेबलवर बसूच नका. सिगारेटला निम्मं नाही.

प्रश्न : वय ६६. ४५ वर्षं ओढली. आता सोडून काय उपयोग, जे व्हायचं ते झालं असेल. नातवाने सोडायला सांगितलंय म्हणून विचारतोय, तोच टाईप करतोय.

उत्तर : काका, ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी १९५१ मध्ये तिथल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून विचारलं की तुम्ही ओढता का, आणि मग त्यांच्यावर पुढची ५० वर्षं नजर ठेवली गेली. २००४ मध्ये हिशोब मांडला तेव्हा दिसलं की आयुष्यभर ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. तिशीत सोडलेल्यांनी जवळपास ती सगळी वाचवली, चाळिशीतल्यांनी ९, पन्नाशीतल्यांनी ६, आणि साठीला सोडलेल्यांनी सुद्धा ३. तुम्ही ६६ चे, म्हणजे ३ पेक्षा थोडी कमी धरा. पण रक्तातला कार्बन मोनॉक्साईड दोन दिवसांत उतरतो, ठोके आणि प्लेटलेट्स त्यापाठोपाठ सुधारतात, आणि वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, त्याला वयाची अट नाही. ४५ वर्षं झाली म्हणजे एकदा छातीचा एक्स-रे, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि पायाच्या नळ्या तपासून घ्या, चालताना पोटऱ्या भरून येत असतील तर ते पण सांगा.

आणि टाईप करणाऱ्या, आजोबांनी पाकीट कुठे लपवलंय ते तुला माहीत असणारच. ते तू नको फेकूस, त्यांनाच फेकू दे, फक्त कुठल्या तारखेला फेकलं ते मला कळव.